भोपळ्याच्या वेलाखालची जीप

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्याबद्दल नेमकं उलटं सांगतात. लोणावळ्याच्या आमच्या देवळात कुणी पाहुणा आला की पाळकसाहेब मला हाताला धरून पुढे करतात आणि म्हणतात, हेच ते. पाहुणे माझ्या तोंडाकडे न बघता उजव्या पायाकडे बघतात. मग मी नमस्कार करतो आणि चहाच्या टेबलाकडे सटकतो.

त्या पायाची गोष्ट अशी. मी जीप चालवायचो. कान्हे फाट्यावर गाडी भरायची आणि टाकव्यावरून आत आंदर मावळात सोडायची. तिकडे बस कमी, त्यामुळे बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला निघालेली माणसं माझ्या जीपमध्ये बसायची. पंचवीसएक वर्षं हेच केलं. शिक्षण बेताचं, गळ्यात गाणं नाही, चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं तर जीभ टाळ्याला चिकटते. पण चाक हातात आलं की मला रस्ता कळायचा. तेवढं एकच देवाने मला दिलं होतं, आणि ते पुरेसं आहे असं मी धरून चाललो होतो.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी, आत जाताना, धरणाच्या कडेचा रस्ता माझ्या चाकाखालून निघून गेला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. खडी घसरल्याचा आवाज, टोपल्यातून बटाटे ओतल्यासारखा, आणि डावीकडचं मागचं चाक हवेत. खाली पाणी. गाडीत दहा-बारा माणसं. मी ब्रेकवर पाय दाबला आणि ओरडलो की मागच्यांनी मागच्या दाराने, डोंगराच्या बाजूने, एकेक करून उतरा, उड्या मारू नका. ते उतरले. एकेक माणूस उतरला की गाडी हलायची आणि मी ब्रेक आणखी दाबायचो.

शेवटी राहिली पुढच्या सीटवरची मावशी. आम्ही निघालो होतो त्या गावची, सत्तरीची शेतकरी बाई, वर्षानुवर्षं माझ्या गाडीतून जाणारी. तिचं दार पाण्याच्या बाजूला. उघडलं असतं तर पाऊल ठेवायला खाली काहीच नव्हतं. तिला माझ्या अंगावरून, माझ्या दाराने उतरायचं होतं, आणि ती काचेतून पाण्याकडे बघत दगडासारखी बसली होती. मी तिला म्हणालो, "मावशी, पाण्याकडं बघू नको. माझ्याकडं बघ." तिने मान वळवली. मग गिअरच्या दांड्यावरून, नऊवारीचा घोळ सावरत, माझ्या मांडीवर पाय देऊन ती बाहेर पडली. तिच्या टाचेचा वळ माझ्या मांडीवर कितीतरी दिवस होता.

ट्रॅक्टर आला, दोर बांधला, सगळे मला म्हणाले की आता उतर. माझा पाय ब्रेकवरून निघेना. मी त्याला सांगत होतो, तो ऐकत नव्हता. शेवटी दोघांनी माझा पाय हाताने उचलून बाजूला केला, पाळण्यातल्या पोराचा उचलावा तसा.

गावाने शाल-नारळ दिला. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी साक्ष सांगितली, की प्रभूने या बांधवाचा पाय खडकासारखा केला. खडक कसला, पायात गोळा आला होता. पण साक्षीच्या मध्ये उठून असं बोलता येत नाही. मी बाकावर बसून होतो आणि त्या भरल्या देवळात मला खडी घसरल्याचा आवाज येत होता.

जीप कुणीतरी घरी आणून लावली. मी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि त्या दिवसापासून चाकाला हात लावला नाही. लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात खोकी भरायच्या कामाला लागलो. कान्ह्याहून लोकलने जायचं, लोकलने यायचं. कुणी मोटारीतून सोडतो म्हटलं तर मी पोट बिघडल्याचं सांगायचो. नाइलाजाने बसलोच तर सबंध रस्ताभर उजवा पाय मोटारीचा पत्रा दाबत राहायचा. दुकानात सगळे मला काका म्हणत आणि माझ्या पॅकिंगचं कौतुक करत. मीही चेहरा असा ठेवायचो, की जणू जन्मभर मला हेच करायचं होतं.

बायको या विषयावर बोलली नाही. तिचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा कठीण असतं. तिने पुढच्या पावसाळ्यात परसात भोपळ्याच्या बिया टाकल्या. वेलाला मांडव हवा होता, तो त्याला ताडपत्रीत सापडला. बघता बघता वेल जीपवर चढला, बॉनेट झाकलं, टप झाकलं, आणि मोठ्या पिवळ्या फुलांनी गाडी भरून गेली. पहिला भोपळा धरला तेव्हा बायको म्हणाली की चला, जीपला पोर झालं. मी हसलो, पण ते मला लागलं.

येशूने सांगितलेला तो तीन चाकरांचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. धनी परदेशी जाताना तिघांना आपलं धन सोपवतो, दोघे ते वाढवतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. सगळे उपदेश पहिल्या दोघांच्या बाजूने असतात. तिसऱ्याला आळशी म्हणायचं, नालायक म्हणायचं, आणि आमेन. मला त्या तिसऱ्याबद्दल नेहमी वाटत आलंय, की अरे, तो काय सांगतोय ते तरी ऐका. तो म्हणतो, मी भ्यालो. तिघांत आपल्या पोटातलं खरं सांगणारा तेवढा एकच. त्याने निदान खड्डा तरी खणला. मी नुसती ताडपत्री ओढली, वर बायकोने भोपळा लावला.

आता आमच्या सुगीच्या सणाचं सांगायला हवं. भातं झोडून झाली की आमची मंडळी आंदर मावळात एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या खळ्यावर जमते. उपासना तिथेच. ज्याच्याकडे शेत आहे तो नवं भात, नाचणी, कोंबडी, अंडी, जे पिकलं ते आणतो. उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि जे येईल ते देवाच्या कामाला जातं. शेजारपाजारची हिंदू घरंही हौसेने येऊन बसतात आणि बोली लावतात. आणि ज्याच्याकडे शेत नाही त्याने, ही आमच्याकडची जुनी पद्धत, आपल्या हाताचा एक दिवस द्यायचा. शिंपी दिवसभर शिवून देतो, गवंडी पडकी भिंत बांधून देतो, नर्सबाई कुणाच्या घरी जाऊन जखमा धुऊन येतात. ज्याची बोली चढेल त्याचा तो दिवस. पूर्वी माझ्या दिवसावर भांडणं व्हायची. कुणाला आजारी बापाला पुण्याला न्यायचं असे, कुणाला मुलगी सासरी सोडायची असे.

अपघातानंतर पहिल्या वर्षी मी तापाचं निमित्त सांगून सणाला गेलो नाही. दुसऱ्या वर्षी जीपवरचा सगळ्यांत मोठा भोपळा तोडला आणि नेऊन वेदीच्या टेबलावर ठेवला. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आशीर्वादाची प्रार्थना जरा लांबवली.

लिलाव पुकारायचं काम मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडीलधाऱ्यांकडे असतं, तेच आमचे शिंपी. त्यांनी माझा भोपळा दोन्ही हातांनी उचलून दाखवला आणि जीपवर पिकलेला म्हणून पुकारला. खळ्याच्या कडेला बायकांत ती मावशी बसली होती. तिने बोली लावली. म्हाताऱ्या माणसावर कुणी चढती बोली लावत नाही, म्हणून भोपळा तिला सुटला. ती गुडघ्यावर हात देत उठली, पुढे आली, भोपळा शिंप्यांच्या हातातून घेतला आणि परत टेबलावर ठेवला. घेतलेली वस्तू देवाला परत द्यायची हीसुद्धा आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पण ती तिथेच उभी राहिली.

"मला भोपळा नगं," ती म्हणाली. "ज्या गाडीवर ह्यो पिकला ती गाडी पायजे. एक दिस. भाऊ चालवंल."

लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. मी म्हणालो की बॅटरी मेलीय, टायर बसलेत, विमा संपलाय. हे सगळं खरंच होतं. भित्र्या माणसाजवळ खरी कारणं नेहमी पुष्कळ असतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिची धाकटी बहीण लोहगडवाडीला अंथरुणावर आहे. खाणं सुटलंय. रोज हिचं नाव घेते. भाचा मोटार घेऊन दोनदा न्यायला आला होता, पण त्या धरणाच्या दिवसापासून हिला कुठल्याच गाडीत बसवत नाही. दार लावलं की छाती धडधडते आणि ही उतरून घरात येते.

"मग माझ्या गाडीत कशी बसशील?" मी विचारलं. मला वाटलं, सुटलो.

"बसंल न बसंल ते माजं मी बगंन," ती म्हणाली. "तू गाडी काढ. मी थांबते. भईन थांबंल का, ते मातुर मला ठावं न्हाई."

मला त्या बाईचा राग आला. सगळ्या मंडळीसमोर, देवाच्या टेबलापाशी, असं कुणाला धरायचं असतं का? घरी येईपर्यंत मी धुसफुसत होतो. बायकोने कोयता घेतला, परसात गेली आणि वेल तोडायला लागली.

कामशेतहून मेकॅनिक आला. बॅटरी, टायर, ब्रेक, सगळं त्याने बघितलं, कागद नवे झाले, आणि तो गेला. आता माझ्याकडे एकही खरं कारण उरलं नव्हतं. मी जीपमध्ये बसलो. आत अजून भोपळ्याच्या पानांचा हिरवट वास होता. मी डोळे मिटले आणि मनापासून प्रार्थना केली, की प्रभू, ही गाडी सुरू होऊ देऊ नकोस. चावी अर्धी फिरते न फिरते तोच इंजिन लागलं. इतक्या झटपट नाकारली गेलेली प्रार्थना मी दुसरी पाहिली नाही.

दुकानातून रजा घेऊन आठवड्याच्या मधल्या वारी निघालो, म्हणजे गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या कमी भेटतील. टाकव्याच्या पुढे माझे हात घामाने इतके ओले झाले की चाक निसटायला लागलं. मी ते पुसायला गाडी थांबवायचो आणि परत निघायचो. धरणाच्या कडेला त्या जागी आता सिमेंटचा कठडा घातलाय. मी तिथून बैलगाडीच्या वेगाने गेलो. मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता. त्याला काय माहीत की पुढच्या गाडीतला माणूस श्वास रोखून बसलाय.

मावशी अंगणात तयार होती. नवं लुगडं, हातात नव्या तांदळाचं गाठोडं. तिने डावीकडच्या दाराकडे बघितलं आणि थबकली. ते दार त्या दिवसापासून कुणी उघडलं नव्हतं. मग ती वळसा घालून माझ्या बाजूला आली. मी उतरलो, आणि ती माझ्या दाराने चढून, गिअरचा दांडा ओलांडून, आपल्या जागेवर जाऊन बसली. मी दार लावलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले. ओठ हलत होते. तिचा देव वेगळा आणि माझा वेगळा, पण त्या घडीला दोघांकडे गाऱ्हाणं एकच पोचत असणार.

परत धरणाच्या कडेने येताना तिने डोळे उघडले नाहीत, गाठोडं घट्ट धरून ठेवलं. हायवेला लागलो तेव्हा तिने गाठोड्यावरची मूठ जरा सैल केली. मळवली झाली, भाजे झालं, आणि लोहगडचा चढ सुरू झाला.

हा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. अरुंद, उभा, वळणांवर वळणं. मी पहिल्या गिअरमध्ये चढत होतो आणि माझं लक्ष रस्त्यावर कमी, डावीकडच्या कडेवर जास्त होतं. कुठे मुरूम सुटलेला दिसला की मी गाडी आणखी हळू करायचो. एका वळणावर, जिथे दरी डाव्या हाताला होती, समोरून पाण्याच्या टाक्या भरलेला टेम्पो उतरत आला. दोघांना जागा नव्हती. टेम्पोवाल्याने हाताने खूण केली की मागे घ्या. त्याचंही बरोबर होतं. भरलेला टेम्पो त्या चढावर उलटा कसा नेणार? मागे थोड्या अंतरावर रस्ता रुंद होता. मला फक्त तेवढंच जायचं होतं, उलटं, उतारावर, डावीकडचं मागचं चाक कडेला ठेवून.

मी ब्रेक दाबला. रिव्हर्स टाकला. आणि पाय निघेना.

तोच पाय, तोच गोळा. मी आरशात बघितलं तर मला रस्ता दिसेना, पाणीच दिसायला लागलं. तिथे पाणी नव्हतंच, दरी होती, झाडं होती. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. परत दिला. मला मोठ्याने रडावंसं वाटलं. मनात आलं की आता इथेच, या वळणावर, ही बाई घेऊन मी बसून राहणार, आणि वर तिची बहीण हिची वाट बघत जाणार, आणि हे सगळं माझ्या पायात आहे. मी प्रार्थना करायला गेलो, पण देवाचं नावसुद्धा तोंडातून फुटेना.

"भाऊ," मावशी म्हणाली. तिने डोळे उघडले होते. दरीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "त्या दिशी तू मला म्हनलास, माज्याकडं बग. मी बगितलं. तुजं त्वांड पांढरं फटक पडल्यालं. लय भ्यालावतास तू. मला वाटलं, ह्यो एवडा भितोय आन तरी पाय उचलंना. मंग म्या उतरले."

टेम्पोवाल्याने आणखी एकदा हॉर्न दिला.

"आता तू रस्त्याकडं बग," ती म्हणाली. "मी तुज्याकडं बगते."

आणि ती खरंच बघत राहिली. दोन्ही हात गाठोड्यावर, मान माझ्याकडे, पापणी न हलवता. त्या नजरेत कौतुक नव्हतं. पाळकसाहेबांचे पाहुणे बघतात तसं ती बघत नव्हती. भाकरी करपू नये म्हणून बाई तव्याकडे बघते तसं बघत होती. इतके दिवस मी लपवत होतो ते तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि पाहून घेऊनच लिलावात मला मागितलं होतं. त्या तिसऱ्या चाकराला असं शेजारी बसून कुणी म्हटलं असतं, की तू भितोस ते मला ठाऊक आहे, चल, तर त्याने पुरलेलं उकरलं असतं असं मला वाटतं. निदान मला तरी तसं मानायला आवडतं.

पाय हलला. भीती गेली म्हणून नाही. ती होती तिथेच होती, छातीत धडधडत. पण मी ब्रेक बोटभर सोडला, गाडी बोटभर मागे गेली, आणि धरली. परत सोडला, परत धरली. एकदा मागच्या चाकाखाली खडी वाजली. माझ्या तोंडून "प्रभू" एवढंच निघालं. मावशी हलली नाही. मग गाडी रुंद जागेत आली, टेम्पो खरडत शेजारून गेला, आणि टेम्पोवाल्याने जाता जाता हात दाखवला. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

लोहगडवाडीत तिच्या बहिणीचं घर रस्त्यालाच आहे. पुढे पडवीत भाच्याची चहा-पोह्यांची टपरी, मागे राहती खोली. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावायला आणि मावशीला माझ्या दाराने उतरू द्यायला बाहेर पडू लागलो. तिने माझ्या मनगटाला धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आज माज्या दारानं उतरते."

तिने ते दार ढकललं. गंजाने धरलं होतं, मी आतून हात लावला. करकरत उघडलं. तिने पाय खाली सोडला, जमीन चाचपली, आणि उतरली. मी गाठोडं घेऊन मागोमाग गेलो.

आत अंधुक खोलीत धाकटी बहीण खाटेवर होती, पांघरुणात हरवून गेलेली. तिने आवाज ओळखला आणि हात उचलायचा प्रयत्न केला. मावशी जाऊन तिच्या उशाशी बसली आणि तो हात आपल्या गालाला लावून धरला. मग त्या बहिणीने अगदी बारीक आवाजात विचारलं, तू तर गाडीत बसत न्हाईस, मंग आलीस कशी?

मावशीने मागे वळून माझ्याकडे हात केला. मी दारात उभा होतो. जीपची चावी मुठीत होती आणि मूठ अजून ओली होती.

"ह्या भाऊनं आनली," ती म्हणाली. "लय भितो. पर आनतो."